ज्याचा खिळा त्याच्याकडे

१४ नोव्हेंबर, कात्रप, बदलापूर

पोचले! बॅगा अजून दारातच आहेत, पण आधी खिडकीबद्दल लिहिते. तिसरा मजला आणि समोर अख्खी डोंगररांग, मधे एकही टॉवर नाही. (‘अजून नाही’, असं घरमालक म्हणाले.) फोटो काढून आईला पाठवला. ती संगमनेरला पिठाची गिरणी चालवते, डोंगरांचं तिला काय कौतुक? उत्तर आलं, खिडकीला जाळी आहे का? आहे गं बाई.

घरमालक दौलतराव सत्तरीचे आहेत. ही बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांची भाताची खाचरं होती, बिल्डरने बदल्यात फ्लॅट दिले. माझ्या किचनखाली म्हणे विहीर बुजवलेली आहे. त्यांच्या बायको बनूबाई यांनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी पाठवली. वाटी पुसून खाल्ली. संध्याकाळी वारा पडला की खिडक्या लावून घे, असं दौलतरावांनी बजावलं, कंपन्यांचा वास येतो म्हणून. आला खरा. गोडसर, सडलेल्या बदामासारखा. बनूबाई म्हणाल्या, होते सवय.

आमच्या संस्थेने मला इथे जंगलाची तब्येत बघायला पाठवलंय. ऊन वाढतंय, हवेत धूर वाढतोय, त्याने झाडांचं नेमकं काय होतं ते ऋतूमागून ऋतू त्याच झाडांकडे जाऊन बघायचं. नाडी धरायची, औषध द्यायचं नाही. पहिली खरी नोकरी. आनंदाने झोप येईलसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर

मदतनीस मिळाला. कैलास, कुळगावचा, चाळिशीचा, पूर्वी वनखात्यात रोजंदारीवर होता. मी कैलासदादा म्हणते, तो मला मॅडम म्हणतो आणि दर दोन वाक्यांनी ‘टेन्शन नाय घ्यायचं’ म्हणतो. सतत बोलतो. बायको श्रद्धा, तिचं शिवणकाम, सासऱ्याचा घोरण्याचा आवाज, सगळं मला माहीत झालंय.

आज दोघं उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात गेलो. तिथल्या एका सिंधी काकांच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बिल्ले छापून घेतले, प्रत्येकावर नंबर. एकेका झाडाला एकेक बिल्ला, अ‍ॅल्युमिनियमच्याच खिळ्याने ठोकायचा. धातू मऊ, गंजत नाही, झाडाला त्रास होत नाही. काकांनी विचारलं, हे कशासाठी. सांगितल्यावर खूप हसले. ‘पेडों का आधार कार्ड! वाह बेटा.’

२५ नोव्हेंबर

दोन जागा पूर्ण झाल्या. पहिली अंबरनाथच्या कारखान्यांमागच्या टेकाडावर. सागाच्या पानावर बोट फिरवलं की करडी रेघ उमटते. खोडांवर दगडफुलाचा ठिपकाही नाही. मसाल्यात घालतो तेच दगडफूल. हवा खराब झाली की ते आधी जातं. दुसरी जागा धरणाच्या रस्त्याला, तिथे बरं आहे, खोडांवर दगडफुलाचे हिरवट-पांढरे ठिपके आहेत. दोन्हीकडे बिल्ले ठोकले. पुण्याहून किर्ती मॅडमचा फोन आला, त्या आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. खूश होत्या. तिसरी जागा त्यांनीच नकाशावर निवडली आहे: कोंडेश्वरचा रस्ता सोडून आत, डोंगराच्या कुशीत, आसनवाडीच्या वरचा खळगा. कारखान्यांपासून लांब, म्हणून स्वच्छ असणार. बाकी दोन जागांची तुलना त्याच्याशी करायची.

२८ नोव्हेंबर

आसनवाडीने आम्हाला पाणीसुद्धा दिलं नाही.

मोटरसायकल वाडीच्या तोंडाशी लावली तेव्हाच बाया आत गेल्या आणि दारं लागली. एक माणूस तेवढा वाटेत उभा राहिला. जयदेव, पस्तिशीचा, भात आणि काकडी करतो. त्याने शांतपणे सांगितलं, की वर जायचं तर जा, बघा, पण खिळा ठोकायचा नाही. मी समजावलं. कैलासदादाने त्याच्या पद्धतीने समजावलं. शेवटी जयदेवची आई सखूआजी ओट्यावरून ओरडली की ती झाडं ऐकत नसतात, ज्याचा खिळा त्याच्याकडे जातं. काय जातं ते नीट सांगेना. तिच्या मांडीवर जयदेवची मुलगी रिद्धी होती, सहा-सात वर्षांची. सगळा वेळ खोकत होती. खोकून खोकून तिच्या गळ्याच्या शिरा उभ्या राहत होत्या.

परत फिरलो तेव्हा मागून दगड आले. एक कैलासदादाच्या पाठीत बसला. तो हसला.

४ डिसेंबर

वनरक्षक सोबत आला म्हणून खळग्यात जाता आलं. किर्ती मॅडमचा नकाशा साफ चुकला आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, हिवाळ्यात थंड हवा खाली बसते आणि कारखान्यांकडून येणारं सगळं या वाटीत साचून राहतं. भर दुपारी डोळे चुरचुरत होते. पाखरू नाही, मुंगी नाही.

झाडं सगळी ऐनाची, जुनी, मगरीच्या पाठीसारख्या सालीची. एवढी आजारी झाडं मी आजवर पाहिली नव्हती. शेंडे वाळलेले. पानांवर शिरा तेवढ्या हिरव्या आणि शिरांच्या मधला भाग पांढुरका, जळाल्यासारखा. विषारी वायूची खूण. मला वाईट वाटलं आणि खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. अशी जागा अभ्यासाला मिळत नाही.

बिल्ले ठोकले. आतली सगळी झाडं कैलासदादाने केली, उताराच्या कडेची थोडी मी. खिळा आत गेला तेव्हा खोडाला शहारा आल्यासारखं वाटलं. हातोडीचा दणका हातात चढतो, तसंच असेल.

खाली वाडीतले सगळे अंगणात येऊन उभे होते. कुणी ओरडलं नाही. दगड नाहीत. नुसते ठोकण्याचा आवाज ऐकत होते.

१७ डिसेंबर

मी तीनदा तपासलं. खळग्यातली झाडं सुधारली आहेत.

कैलासदादाच्या ओळीतले ऐन तर चकाकतायत. डागाळलेली पानं झडली आणि नवी पालवी फुटली. डिसेंबरात ऐनाला पालवी! हवा तपासायचं यंत्र मात्र सांगतंय की हवा आहे तशीच घाण आहे. किर्ती मॅडमना कळवलं तर त्या चिडल्या. माझ्या नोंदी चुकल्या, मी दुसऱ्याच झाडांपाशी उभी होते, असं त्यांचं म्हणणं. बिल्ल्यांसकट फोटो पाठवले.

कैलासदादा आज चढ चढताना दोनदा बसला. पोटात जळजळ होते म्हणाला. वडापाव बाधला असेल.

२४ डिसेंबर

त्याने बाही वर केली आणि हात दाखवला. मॅडम, हे काय झालं असेल, म्हणून विचारलं. कातडीवर पांढुरके चट्टे. शिरांच्या मधे. शिरा तेवढ्या फुगून हिरव्या, रेखीव.

माझ्या पिशवीत चार तारखेचं वाळवलेलं पान होतं. मी ते त्याच्या हाताशेजारी धरलं नाही. धरायची गरज नव्हती.

मी त्याला म्हटलं डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, टेन्शन नाय घ्यायचं.

३१ डिसेंबर

उल्हासनगरच्या एका दवाखान्यात कैलासदादाला ठेवलंय. छातीत पाणी झालंय, डॉक्टरांना कारण सापडत नाही, कुठल्या कंपनीत केमिकलचं काम करायचा का विचारत होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. बोलणं बंद झालंय. इतका बोलणारा माणूस.

श्रद्धा बाहेर जिन्यात बसली होती. मी शेजारी बसले तर उठली. ‘तुम्ही पण ठोकले ना खिळे? मग तुम्हाला कसं काही नाही झालं?’ लोक बघायला लागले. मी म्हटलं, वहिनी, मी थोडेच ठोकले होते. आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं. म्हणजे मला कळलेलं आहे.

५ जानेवारी

एकटी आसनवाडीला गेले. विचारायचंच होतं.

मला बघताच दारं उघडली. जयदेवभाऊ धावत आले, बॅग घेतली. बायांनी पाय धुवायला पाणी दिलं. कोरा चहा, भाकरी, सुकटीची चटणी. कुणीतरी गजरा आणला. अंगणात रिद्धी लगोरी खेळत होती, पळत होती, हसत होती. खोकला नाही. वाडीतल्या एकाही पोराला खोकला नाही.

सखूआजीने माझा हात हातात घेतला आणि आता सगळं नीट सांगितलं. तिच्या सासऱ्याच्या काळात एका मुकादमाने या ऐनांना कुंपणाची तार ठोकली होती. त्या साली झाडांना कीड होती. झाडं सुधारली, मुकादम गेला. ही झाडं दुखणं स्वतःजवळ ठेवत नाहीत. ज्याचा खिळा असेल त्याच्याकडे धाडतात. कुणाचाच खिळा नसला तर खाली वाडीत सोडतात, आणि लहानांना ते आधी धरतं. आधी आम्ही तुम्हाला नको म्हणत होतो, आजी म्हणाली. परक्याच्या पोराचं पाप कशाला घ्या. पण नंतर आमची रिद्धी रात्रभर झोपली गो. चार वर्षांत पहिल्यांदा झोपली.

मी विचारलं, कैलासदादाचं काय? जयदेवभाऊंनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

गजरा वाटेत फेकून दिला.

९ जानेवारी

कैलासदादा सकाळी गेला. कुळगावला गेले होते. श्रद्धाने मला दारात अडवलं, आत येऊ दिलं नाही. बरोबर केलं तिने.

किर्ती मॅडम म्हणाल्या, फार वाईट झालं, पण नोंदींत खंड नको.

१२ जानेवारी

डाव्या मनगटावर. अगदी लहान. शिरांच्या मधे.

डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी. मलम दिलं. बनूबाईंनी हळद लावली, दौलतराव म्हणाले गावी जा थोडे दिवस. गावी जाऊन काय होणार? कैलासदादा खळग्यापासून कितीतरी लांब, पांढऱ्या चादरीवर मेला.

१४ जानेवारी

संक्रांत. दारात जयदेवभाऊ, हातात तिळगुळाचा डबा. पत्ता कुणी दिला विचारलं नाही.

बसले नाहीत. फोनवर रिद्धीचा व्हिडिओ दाखवला. कालचा. ती खोकतेय, ओठ निळे पडलेत, सखूआजी तिची पाठ चोळतेय. कैलासदादा गेल्यापासून त्याचे खिळे रिकामे झाले, असं ते म्हणाले. त्याच्या ओळीची झाडं पुन्हा वाळायला लागली आणि सगळं परत खाली यायला लागलं. मी येऊन त्या झाडांना नवे खिळे ठोकावेत. माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, ‘ताई, तुम्हाला तशीही लागण झालीये. तुमच्या हातून अजून थोडं झालं तर…’ वाक्य पुरं केलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी विचारलं, तुम्ही स्वतः का ठोकत नाही, तुमची मुलगी आहे.

त्यांनी डबा पायरीवर ठेवला. मग म्हणाले, ‘मी गेलो तर तिला कोण बघेल?’

मी नाही म्हटलं. दार लावलं. डबा पायरीवर तसाच आहे. व्हिडिओतला आवाज कानातून जात नाही. ती पोर आहे, तिने काय केलंय? पण मी तरी काय केलंय? मी झाडं मोजत होते.

१६ जानेवारी

पायऱ्या चढताना शिट्टी वाजते. माझ्या छातीतून.

उद्या जाऊन माझे खिळे उपटणार. पक्कड घेतलीय, छिन्नी घेतलीय. खिळा नसेल तर मीही नाही. आईला काही सांगितलं नाही. तिचा फोन आला तेव्हा गिरणीचा आवाज येत होता, तो ऐकत राहिले.

१७ जानेवारी, आसनवाडी

सखूआजीच्या घरात लिहितेय. लवकर लिहायला हवं.

वाडीला वळसा घालून मागच्या अंगाने वर गेले. माझ्या ओळीचे ऐन हिरवेगार. बिल्ले दिसत नव्हते. मला वाटलं कुणी काढले. काढले नव्हते. साल त्यांच्यावरून वाढली होती, खिळा, बिल्ला, सगळं गिळून, वर ओठासारखी घडी. दीड महिन्यात! छिन्नी लावली. एक घाव घातला आणि मीच ओरडले — बरगडीत — जणू मलाच —

मग ते आले. सगळी वाडी. रागाने नाही. बाया हळूच धरत होत्या, जपून, बाळंतिणीला धरतात तसं. कैलासदादाच्या झाडापाशी नेलं. जयदेवभाऊंनी हातोडी माझ्या मुठीत दिली आणि वरून त्यांची मूठ आवळली. खिळा मीच धरायचा होता. मी बोटं सोडली तर एका बाईने माझी बोटं पुन्हा खिळ्यावर नीट बसवली. माफ कर म्हणाली. सखूआजी पाठीवरून हात फिरवत होती. सोस गो पोरी, सोस.

ठोकला. मग पुढचं झाड. मग पुढचं.

ते सगळे रडत होते. हेच मला सहन होत नाही. एकही माणूस वाईट नव्हता.

१९ किंवा २० जानेवारी

फोन त्यांच्याकडे आहे. चार्जिंगला लावलाय म्हणतात.

उठता येत नाही. भात कालवून भरवतात. दारातून खळगा दिसतो — किती हिरवा — या दिवसांत पानगळ हवी — किर्ती मॅडम, पानगळ नाही, लिहून घ्या —

रिद्धी दारात येऊन बसते. तिची भातुकली मला दाखवते. चांगली आहे पोर. खोकत नाही.

दोन्ही हात. मान. आवाज गेला.

तारीख माहीत नाही

जयदेवभाऊ म्हणाले आईला फोन केलाय. तुमच्या आईला बोलावलंय ताई, काळजी नको.

का बोलावलं — का —

दुपार

आई आलीय.

आधी सगळ्यांना शिव्या घातल्या. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय, अख्खी वाडी दचकली. मग मला पुसलं, वेणी घातली. अँब्युलन्स बोलवा म्हणाली. मग सखूआजी तिला बाजूला घेऊन बसली. मला ऐकू येत होतं. खिळा. झाड. ज्याचा खिळा. त्याच झाडाला दुसऱ्याने ठोकला तर पहिल्याचं उतरतं.

ओरडायला गेले. नुसती शिट्टी.

या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं — खिळा ठोकू नको — तिला दाखवलं. तिने वाचलं. दोनदा वाचलं. मग आजीला विचारलं, भाव विचारतात तशा आवाजात: ‘माझ्या हातून ठोकला तर हिचं नक्की उतरेल?’

आजी हो म्हणाली.

आईने पदर खोचला. माझ्या कपाळावर हात ठेवला. पिठाचा वास. हातोडी कुठंय म्हणाली.

मी हात धरला तिचा. सोडवून घेतला. जयदेवभाऊ खिळ्यांची पिशवी घेऊन तिच्यामागे निघाले. वाडीतले सगळे मागे. रिद्धीसुद्धा.

ऊन आहे. वाटेवर आईची निळी साडी. झाडांत शिरली. दिसत नाही.

पहिला.

आवाज इथवर येतो. आई नीट ठोकते. एका दमात.

दुसरा — छातीतलं काहीतरी सुटलं — पूर्ण श्वास आला —

नको. आई बस —

तिसरा. मनगटावरचे डाग फिके — माझ्या डोळ्यांदेखत —

बसता आलं मला. आवाज आला. आई म्हटलं, ऐकू आलं माझं मलाच —

थांबतच नाही ती. सगळी झाडं करणार. सगळी. मी उठते, मला उभं राहता येतंय, आई थांब, मी येतेय, पाय टेकले, मी दारा—